खिडकीपलीकडची खाडी

कोलशेतला आमचे बिऱ्हाड आले ते २००८ साली, आगोटीच्या दिवसांत. नवव्या मजल्यावरच्या त्या सदनिकेत आवडण्यासारखे फारसे काही नव्हते. स्वयंपाकघर अरुंद, पाणी ठरावीक वेळेस, आणि लिफ्ट आठवड्यातून एखादा दिवस तरी रुसलेली. परंतु दिवाणखान्याची एक खिडकी ईशान्येस उघडत होती आणि ती पाहूनच आम्ही कर्जाच्या कागदांवर सही केली, हे आज कबूल करावयास हरकत नाही. खिडकीखाली इमारतीचे कुंपण, कुंपणापलीकडे गुडघाभर गवत माजलेली पडीक जमीन, तिच्यात जुन्या भातखाचरांचे बांध पुसट पुसट दिसत. त्यानंतर तिवरांचा काळसर हिरवा पट्टा. मग पाणी. पलीकडच्या तीरावर काल्हेर, त्यामागे भिवंडी तालुक्याचे सपाट रान आणि शेवटी डोंगरांची निळी ओळ. गजांना कपाळ टेकवून डावीकडे पाहिले की येऊरच्या डोंगराची कडही दिसे.

या पाण्यास येथे सर्वजण खाडीच म्हणतात. नकाशावर ती उल्हास नदी आहे. बोरघाटाच्या पायथ्याकडून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत ठाण्याजवळ येते, आणि येथे तिची एक वाट दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीला मिळते, तर मुख्य प्रवाह कोलशेत, नागला बंदर, घोडबंदर यांना वळसा घालून वसईजवळ समुद्रास भेटतो. साष्टी हे एके काळी बेट होते ते या दोन वाटांमुळे. नदी म्हणावे तर उन्हाळ्यात पाणी खारे, खाडी म्हणावे तर श्रावणात गोडे. वर्षभर एकच नाव पुरेल असे ते पाणीच नव्हे.

आमचे वडील वसईचे बागायतदार. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहावयास आले. पहिल्या दिवशी चहा घेऊन खिडकीशी बसले, बराच वेळ खालच्या पडीक जमिनीकडे पाहत राहिले आणि त्यांनी विचारले, “इथे आधी काय पिकत होते?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. चटईक्षेत्र ठाऊक होते, दर चौरस फुटाचा भाव ठाऊक होता. काय पिकत होते ते ठाऊक नव्हते. गावाच्या नावातच शेत असताना हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही याची त्या वेळी थोडी लाज वाटली. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही दोघे कोलशेतच्या गावठाणात गेलो. तेथील एका वृद्ध आगरी गृहस्थांनी आम्हांस ओटीवर बसविले, पाणी दिले आणि सांगितले की भात होत असे, भात निघाल्यावर वाल होत असत, आणि खाडीत निवट्या, बोयटे, कोळंबी, चिंबोऱ्या मुबलक. मग आमच्या इमारतीचे नाव विचारून ते म्हणाले, “तिथे आमचे खळे होते.” वाटसरूला रस्ता सांगावा तितक्याच साधेपणाने ते बोलले. वडिलांनी मान डोलावली. परत येताना ते काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी एक परिपाठ सुरू केला. धर्मग्रामाची दिनदर्शिका आमच्या खिडकीशेजारीच टांगलेली असे. सणांची आणि संतांची नावे छापलेल्या चौकोनांत उरलेल्या जागेत ते पेन्सिलीने बारीक अक्षरांत खिडकीतले बदल लिहू लागले. ‘काल्हेर गेले’ म्हणजे पावसाने पलीकडचा तीर दिसेनासा झाला. ‘काल्हेर आले’ म्हणजे दिसू लागला. ‘दव.’ ‘उधाण, पाणी बांधाला.’ ‘बगळे तीस.’ वसईच्या वाडीत विहिरीच्या पाण्याची पातळी आणि केळीची पाने पाहून ते दिवस ओळखीत. येथे त्यांना एवढी खिडकीच मिळाली. आठ पावसाळे त्यांनी हे लिहिले. या दिनदर्शिकांमुळेच आम्ही खाडीचा इतिहास वाचावयास लागलो. इतिहासाची पुस्तके वर्षांच्या क्रमाने जातात. आम्ही मात्र तो खिडकीच्या क्रमाने, म्हणजे ऋतूंच्या क्रमाने वाचला; वाचकांनीही या लेखापुरती ती गैरसोय सोसावी.

पहिले पान अर्थातच पावसाचे. वडिलांच्या नोंदींत ‘काल्हेर गेले’ हे शब्द बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. आधी चार दिवस डोंगरांची ओळ अवाजवी जवळ आल्यासारखी दिसते, हवा जड होते, घारी खाली उतरतात. मग एका दुपारी वायव्येकडून, म्हणजे वसईच्या बाजूने, एक करडी भिंत पाण्यावरून चालत येते. प्रथम डोंगर जातात, मग काल्हेर, मग पाणी, आणि शेवटी तिवरेही जाऊन खिडकीत नुसता पांढरा पडदा उरतो. ठाण्याच्या जुन्या मंदिराचे आश्रयदाते संत योहान बाप्तिस्ता. त्यांचा सण २४ जूनला असतो. त्या दिवशी काल्हेर दिसल्याची नोंद आठ वर्षांत एकदाच आहे.

याच किनाऱ्यावरच्या पावसाची एक फार जुनी नोंद एका ख्रिस्ती धर्मगुरूची आहे, हे वाचून आमचे वडील लहान मुलासारखे खूश झाले होते. जॉर्डानुस कातालानी हा दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचा डॉमिनिकन संन्यासी इ. स. १३२१ च्या सुमारास ठाण्यास आला. आपल्या पाहण्यात आलेल्या नवलांविषयी त्याने ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’ हा लॅटिन ग्रंथ लिहिला. हेन्री यूलने त्याचे इंग्रजी भाषांतर १८६३ साली प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो की या देशात पाऊस मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, असा तीनच महिने पडतो आणि उरलेल्या काळात थेंबही पडत नाही. मात्र दव इतके पडते की सूर्य बराच वर येईपर्यंत ते सुकत नाही. वडिलांनी लगेच दिनदर्शिकेशी ताडून पाहिले आणि निकाल दिला की पाद्री थोडा घाईचा आहे. त्या काळचे ज्युलियन पंचांग आजच्या पंचांगाच्या आठ दिवस मागे होते, म्हणजे त्याचा मेचा मध्य हा आपला २३ मे, असे आम्ही समजावून सांगितले. तरीही पंधरा दिवसांचा फरक उरतोच. “त्याने मलबारचा पाऊस धरला असेल,” वडील म्हणाले. जॉर्डानुस पुढे कोल्लमचा पहिला बिशप म्हणून १३२९ साली नेमला गेला, आणि केरळात पाऊस आपल्यापेक्षा आधी येतो. तेव्हा हे स्पष्टीकरण आम्हांस तरी पटण्यासारखे वाटते.

हा पाद्री पावसावरच थांबत नाही. फणस पाहून तो थक्क होतो. एका फळात पाच माणसांचे पोट भरेल, असे लिहितो. आंबा, नारळ, ताडी, पारंब्या जमिनीत रोवणारा वड, सारे त्याने पाहिले आहे. घारीएवढी वटवाघळे दिवसा झाडाला पाय वर आणि डोके खाली करून लटकतात व सूर्यास्तानंतरच उडतात, हेही त्याने टिपले. कोलशेत भागात हवाई दलाच्या जागेवर जी जुनी झाडे राहिली आहेत, त्यांच्या बाजूने आजही सांजवेळी ही वटवाघळे आमच्या खिडकीवरून पाण्याकडे जातात. सातशे वर्षांत गावे, राज्ये, भाषा आणि धर्म यांची इतकी उलथापालथ झाली, पण सायंकाळच्या या उड्डाणात सेव्हेराकच्या त्या संन्याशाला ओळखता येणार नाही असे काही नाही. त्याच्यामागून आलेल्या फ्रान्सिस्कन ओदोरिकने ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरे त्यांच्यापुढे हतबल ठरतात, असे लिहून ठेवले आहे. युरोपातील विद्वानांना ही अतिशयोक्ती वाटे. पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर येणाऱ्या घुशी ज्यांनी पाहिल्या आहेत ते ओदोरिकच्या बाजूने साक्ष देतील.

पावसाळा संपत आला की आणखी एक खिडकी आठवते. ती आमच्यापासून काही मैलांवर ठाण्याच्या किल्ल्यात होती. हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, मराठ्यांनी तो जिंकला, इंग्रजांनी तो त्यांच्याकडून घेतला, आणि आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्या प्रकरणी इंग्रजांच्या आग्रहावरून दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना ठाण्यास कैदेत ठेवण्यात आले. कैद्याला देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्यास केवळ गोरे सैनिक नेमले होते. त्या सावधगिरीतच घोटाळा झाला. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीस लागलेला मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्यांना खरारा करी व मोठ्याने गाणी म्हणे. घोडे कोठे तयार आहेत, माणसे कोठे थांबली आहेत, हे सारे त्या गाण्यांतून आत पोचत होते आणि गोरे पहारेकरी ते गाणे नुसते ऐकत होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, काळोखात आणि पावसात, त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात त्याला पुन्हा कैदेत असलेला पाहिला, आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात आले असता त्या गाण्याचे इंग्रजी रूपांतर आपल्या रोजनिशीत नोंदविले. मूळ मराठी गाण्यास मात्र असा लिहून घेणारा भेटला नाही. एका बिशपने इंग्रजीत उतरवून घेतले म्हणून त्या गाण्याची हकिगत राहिली, याचे आम्हांस मराठी लेखक म्हणून समाधान वाटावे की खंत, हे अजून ठरविता आलेले नाही.

ऑक्टोबरात खिडकी एकाएकी दूरदर्शी होते. धुऊन निघालेल्या हवेत फार स्वच्छ दिवशी माहुलीच्या सुळक्यांची रेघही उमटते. आम्ही आलो त्या पहिल्या दोन वर्षांत काल्हेरच्या बाजूला भाताचे पिवळे चौकोन दिसत. हेच दिवस आपल्या आगेऱ्याचे. नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर वाहण्याचा तो सण वडिलांनी कोलशेतात आल्यावरही सोडला नाही. लोंब्या मात्र वसईहून मागवाव्या लागत. पुढे पलीकडचे पिवळे चौकोन एकेक करून पत्र्याच्या निळ्या-पांढऱ्या छपरांखाली गेले. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली हा सारा पट्टा मुंबईच्या वेशीवर पण तिच्या जकातीच्या हद्दीबाहेर होता, शिवाय महामार्गाला लागून होता. त्यामुळे देशभरातील व्यापाऱ्यांची गोदामे तेथे उभी राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर जकात गेली, तरी गोदामे राहिली. वडील त्यांना ‘पत्र्याची शेती’ म्हणत.

नोव्हेंबरपासून नोंदींत ‘दव’ आणि ‘धुके’ हे शब्द वारंवार येतात. पहाटे खाडीवर धुक्याची सलग लादी पसरते आणि नवव्या मजल्यावरून आपण ढगांच्या वर असल्याचा भास होतो. अशाच थंडीच्या दिवसांत, डिसेंबर १७७४ मध्ये, मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यास वेढा घातला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास निघाल्याची बातमी त्यांना लागली होती आणि त्यांच्याआधी आपण पोचावे ही घाई होती. त्यांचा कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात मारला गेला, परंतु नाताळानंतर लगेच किल्ला पडला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरचा इंग्रजांचा ताबा कायम झाला. त्यापूर्वी शंभर वर्षे, १६७५ साली, इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरास जाताना ठाणे व कल्याण मार्गे गेला. त्या काळी सामान-माणसांची मोठी वाट पाण्यावरूनच होती. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यास आली, पुढच्या वर्षी कल्याणास पोचली, आणि खाडीची वाहतूक हळूहळू मागे पडली. मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून मिळू लागले तेही नळांतून ही खाडी ओलांडूनच. आज कशेळीकडे पाहिले की त्याच बाजूस भिवंडी-कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रोचा पूल दिसतो. खाडीने सर्वांना ओलांडू दिले. तिच्यावरून जाणारे मात्र कमी झाले.

आता उन्हाळा, आणि उन्हाळ्याबरोबर या किनाऱ्याची ती हकिगत, जी आपल्या समाजातही पुष्कळांना नीटशी ठाऊक नसते.

एप्रिलमध्ये दुपारी आमच्या खिडकीला हात लावता येत नाही, इतके गज तापतात. पलीकडे शेतांत राब भाजल्याचा धूर दिसे, पाण्यावर ऊन काचेसारखे पडे, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा जात. ओदोरिकने आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या उन्हाविषयी म्हटले आहे की एक मिस्सा होण्यास जितका वेळ लागतो तितका वेळ उघड्या डोक्याने कोणी उभा राहिला तर तो मरेल. हे त्याने हवापाण्याची माहिती म्हणून लिहिलेले नाही. चार माणसांना कशी शिक्षा झाली ते सांगताना तो हे सांगतो.

तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन, आणि तिफ्लिसचे दिमित्री हे भाषा जाणणारे बंधू, असे चौघे इ. स. १३२१ मध्ये होर्मुझहून जहाजाने निघाले होते. त्यांना ठाण्यास यावयाचेच नव्हते. त्यांना कोल्लमला जावयाचे होते. जहाजाने त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्यास आणले. त्या वेळी ठाणे दिल्लीच्या सुलतानीखाली होते. गावात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती असे ओदोरिक सांगतो, म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी दोनशे वर्षे या खाडीकाठी ख्रिस्ती वस्ती होती. त्यांतल्याच एका घरी हे पाहुणे उतरले. पुढे जे घडले त्याची सुरुवात धर्मचर्चेने झाली नाही, एका घरगुती भांडणाने झाली. यजमानाने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे दाद मागण्यास गेली, साक्षीदार म्हणून तिने पाहुण्या संन्याशांची नावे सांगितली. काझीसमोर बोलण्यातून बोलणे वाढत गेले आणि ते धर्मावर येऊन ठेपले. पीटर सामान राखण्यासाठी घरीच होते. इतर तिघांना भर उन्हात उघड्या डोक्यांनी उभे केले. दिवसाच्या तिसऱ्या प्रहराच्या घंटेपासून नवव्यापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, ते उभे होते आणि मेले नाहीत. त्यानंतर जेम्स यांना आगीत लोटले गेले, त्यातूनही ते वाचले.

यापुढचा तपशील वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवून बाहेर पाहिले होते. गावच्या मलिकाला त्या संन्याशांना वाचवावयाचे होते असे दिसते. त्याने त्यांना सांगितले की येथून निघून जा. आणि त्यांना गावापासून जवळच समुद्राच्या एका फाट्यापलीकडे असलेल्या वस्तीत पोचविण्यात आले. तेथे एका हिंदू माणसाने त्यांना आपल्या घरी थारा दिला. परंतु काझीच्या आग्रहापुढे मलिक नमला. रात्री हत्यारबंद माणसे पाणी ओलांडून गेली. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना मारण्यात आले, आणि दोन दिवसांनी, ११ तारखेस, मागे राहिलेल्या पीटर यांनाही. त्या रात्री चंद्र विलक्षण उजळला आणि पाठोपाठ गडगडाट, विजा व वादळ झाले असे ओदोरिक लिहितो. एप्रिलमध्ये वळवाचे वादळ येथे होते. आमच्या दिनदर्शिकांतही दोनदा त्याची नोंद आहे. ज्याला त्यात चमत्कार पाहावयाचा आहे त्याला आम्ही अडविणार नाही.

जॉर्डानुस त्या वेळी गुजरातकडे, भरूचच्या वाटेवर गेला होता. बातमी कळताच तो परतला आणि ठाण्यातील एका तरुण जिनोव्हाकराच्या मदतीने त्याने आपल्या सोबत्यांची शरीरे सोपाऱ्यास नेऊन पुरली. ठाण्याहून सोपाऱ्यास असे ओझे न्यावयाचे तर सोयीची वाट या खाडीचीच. कोलशेत, घोडबंदर, मग वसई, आणि तेथून सोपारे. ती होडी आमच्या खिडकीखालून गेली असावी असे आम्ही मानतो. होडीत दोन परदेशी माणसे, वल्ही मारणारे स्थानिक कोणी, आणि चार शरीरे. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला जॉर्डानुसने आपल्या बांधवांना पत्र लिहिले, त्यात तो अगदी एकटा पडलेला दिसतो. पुढे ओदोरिकने सोपाऱ्याहून त्यांच्या अस्थी गोळा करून थेट चीनमधल्या झैतून बंदरात, आजच्या चुआनचौमध्ये, नेल्या. थॉमस यांना पोप लिओ तेरावे यांनी १८९४ साली धन्यवादित घोषित केले.

हे सारे आम्ही वडिलांना एका एप्रिलच्या दुपारी वाचून दाखविले. ते ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी संतांविषयी, काझीविषयी किंवा चमत्काराविषयी काहीच विचारले नाही. “त्या बाईचे पुढे काय झाले?” एवढेच त्यांनी विचारले. जिने नवऱ्याविरुद्ध फिर्याद नेली होती ती. ग्रंथात तिचा पुन्हा उल्लेख नाही. सातशे वर्षांत या हकिगतीवर पुष्कळ लिहिले गेले. हा प्रश्न आम्ही तरी दुसऱ्या कोणी विचारलेला वाचलेला नाही.

उन्हाळ्यातलीच दुसरी घटना लवकर सांगून टाकतो, कारण तिच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पलीकडच्या तीरावरच अंजूर गाव आहे. तेथील गंगाजी नाईक यांनी पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाविरुद्ध पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून ठाणे घेतले. ते उपवासकाळाचे दिवस होते. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रू द मेलो ठाणे परत घेण्यास आला आणि तेथेच मारला गेला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. आमच्या शाळेत हा विजय शिकविला जाई तेव्हा वर्गातील आम्हा वसईकर ख्रिस्ती मुलांना कोणत्या बाजूस टाळ्या वाजवाव्यात ते समजत नसे. १३२१ ची हकिगत आणि १७३७ ची हकिगत एकाच खिडकीतून पाहिल्यावर तो प्रश्न सुटला असे नाही. पण पहिल्या हकिगतीत आपण ज्या बाजूला होतो, दुसरीत त्याच बाजूला नव्हतो, एवढे दिसू लागले.

यानंतर खिडकीत जे बदलले ते ऋतूंमुळे नव्हे. स्वातंत्र्यानंतर कोलशेतच्या रस्त्याला सँडोज, बायर यांसारखे मोठे रसायन कारखाने आले. टपाल खात्याच्या पत्त्यात आजही ‘सँडोजबाग’ आहे. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि आसपासची गावे शहरात आली. कारखाने गेले, त्यांच्या जमिनींवर मनोरे आले. खाडीच्या काठी रेती बंदर होते. पडाव रेती भरून येत, गणपती विसर्जनाला तोच काठ. तिवरांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि २०१८ च्या आदेशांनी संरक्षण मिळाले. तरी रात्री भरावाचे ट्रक येत असल्याचे आम्ही खिडकीतून पाहिले आहे, एकदा तक्रारही नोंदविली आहे; तिचे काय झाले ते कळविण्याची तसदी कोणी घेतली नाही. रोहित पक्षी दक्षिणेस ऐरोलीकडे हजारोंनी येतात, वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. आमच्या बाजूस बगळे, खंड्या आणि घारी एवढेच. वडिलांची ‘बगळे तीस’ ही नोंद २००९ सालची आहे. शेवटच्या दिनदर्शिकेत ‘बगळे नऊ’ आहे.

वडील २०१६ च्या नोव्हेंबरात गेले. मृतजनांचा दिवस नुकताच होऊन गेला होता. त्या वर्षीच्या चौकोनांत शेवटची नोंद ‘काल्हेर आले’ अशी आहे.

२०१९ मध्ये खालच्या पडीक जमिनीभोवती पत्रे लागले. बांध प्रथम गेले, मग गवत, मग एक पिवळी क्रेन आमच्या मजल्याच्या उंचीवर येऊन थांबली आणि पुढे निघून गेली. बांधकाम करणाऱ्यांवर राग धरावा असे प्रथम वाटले. परंतु आमची इमारत कोणाच्या तरी खळ्यावर उभी आहे हे ठाऊक असल्यावर तो राग फार वेळ धरता येईना. त्या वृद्ध गृहस्थांच्या ओटीवरून, आमची इमारत होण्यापूर्वी, खाडी दिसत असे काय, हे विचारावयाचे आमच्याकडून राहून गेले. पुढे विचारावयास गेलो तेव्हा घर बंद होते, आणि त्या जागेचाही पुनर्विकास ठरला होता.

आता आमच्या खिडकीसमोर दोन मनोरे आहेत. डोंगर नाहीत, माहुली नाही, येऊरची कड नाही. दोन मनोऱ्यांच्या मध्ये वीतभर फट राहिली आहे. त्या फटीत तिवरांचा एक तुकडा, पाण्याचा एक तुकडा आणि पलीकडच्या एका गोदामाच्या छपराचा कोपरा मावतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते पाणी चकाकते, भांगाच्या दिवसांत चिखल दिसतो. त्या फटीपुढे आम्ही नवी दिनदर्शिका टांगली आहे. यंदा संत योहानाच्या सणाला दिवसभर पाऊस होता. दुपारी चारच्या सुमारास तो थोडा वेळ थांबला तेव्हा छपराचा कोपरा दिसला, आणि आम्ही पेन्सिलीने चौकोनात लिहिले, ‘काल्हेर आले.’